किरकोळ दुरुस्ती

"हे सगळं काढ," बोधनकर मॅडम म्हणाल्या.

त्या शेपू निवडत होत्या. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला वर्तमानपत्र, त्यावर शेपूची जुडी, आणि दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप. मान तिरकी करून त्यांनी माझ्या पडद्यावरचा मजकूर वाचला होता. अकरा ओळी होत्या. मी त्या तासभर घासूनपुसून लिहिल्या होत्या.

"सगळं?"

"सगळं. आणि तिथं लिही, किरकोळ दुरुस्ती."

"मॅडम, चार दिवस घालवलेत मी यात. पासवर्डशिवाय कुणीही आत शिरत होतं, ते बंद केलंय. हे किरकोळ आहे?"

"नाही. म्हणून तर किरकोळ लिहायचं." त्यांनी एक पिवळी काडी बाजूला टाकली. "आपली वही कोण वाचतं?"

"कुणीही."

"मग कुणीही म्हणजे चोरही आला त्यात. आज तू लिहिलंस की भोक इथं होतं, ते मी असं बुजवलं. पण दुरुस्ती मशीनवर पोचणार रविवारी. ज्यांच्या गावाला नेट नाही त्यांच्याकडे आणखी आठ दिवसांनी. तोवर तू चोराला पत्ता लिहून दिलास ना रे बाबा."

मी अकरा ओळी पुसल्या आणि दोन शब्द लिहिले. मला राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही. मॅडमनी तो पाहिला आणि शेपू धुवायला आत गेल्या.

ही बारा वर्षांपूर्वीची, नांदेडची गोष्ट. मॅडम शासकीय तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या, मी त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांच्याच काही विद्यार्थ्यांनी 'पळस' नावाची एक संगणकप्रणाली उभी केली होती. फुकट, मराठीतून, जुन्यापान्या मशीनवरही चालणारी. शाळा, वाचनालयं, ट्रस्टचे दवाखाने मिळून तीनेक हजार मशीन तिच्यावर चालायची. उभी करणारे पुढे पांगले, कुणी बंगळुरूला, कुणी परदेशात. मागे उरलं ते रोजचं काम, म्हणजे चुका शोधायच्या, भोकं बुजवायची, दर रविवारी सगळ्या मशीनना दुरुस्ती पाठवायची. ते अकरा वर्षं मॅडम करत होत्या, एक पैसा न घेता. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "लग्न लावायला सगळे येतात, भांडी घासायला एकटीच राहते."

पळसचं सगळं उघड्यावर असायचं. आतली प्रत्येक ओळ, प्रत्येक बदल, कुणी केला, कुणी मंजूर केला, हे एका सार्वजनिक नोंदवहीत जायचं. जगातला कुणीही ती वाचू शकायचा. अगदी पळस चालवणाऱ्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्तही तिथंच लागायचं. या उघडेपणापायी मॅडमनी दोन नियम केले होते. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर वहीत फक्त 'किरकोळ दुरुस्ती' लिहायचं. खरी नोंद चाळीस दिवसांनी, सगळ्या मशीनवर दुरुस्ती पोचल्यावर. आणि कुणाचाही बदल दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय आत घ्यायचा नाही. मंजूर करणाऱ्याचं नाव 'दुसरा डोळा' म्हणून खाली लागायचं. चाळीस दिवसांनी खरी नोंद लिहायची तीही या दुसऱ्या डोळ्यानंच, म्हणजे कुणी आपली आपणच फुशारकी मारायला नको.

नियम चांगले होते, हे आज कळतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका खाजगी क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत होतो.

पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला होता. त्यात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, माझं काम जगापुढे उघडं आहे, पाहून घ्या. त्यांनी खरंच पाहिलं. एका बाईंचा फोन आला. आवाज गोड होता.

"बालाजी मुंडकर ना? तुमच्या नोंदी पाहिल्या आम्ही. एकशे चाळीस आहेत. पण बहुतेक सगळ्या 'किरकोळ दुरुस्ती' अशाच आहेत."

"मॅडम, ते तसं लिहायची पद्धत आहे. खाली खरी नोंद असते, चाळीस दिवसांनंतरची."

"तेवढं खाली कोण जातं हो? तुमचं एखादं ठळक काम असेल तर पाठवा. सोमवारपर्यंत यादी ठरतेय."

त्या आठवड्यात मला एक भोक सापडलं. शोधत नव्हतो, सापडलं. एकाच कचेरीतली मशीन आपसात फायली देतात-घेतात, त्या भागात. तिथं नावाच्या जागी भलंमोठं नाव पाठवलं की मशीन गोंधळायचं आणि पासवर्ड न विचारता दार उघडायचं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बुधवारी रात्रीपर्यंत मी दुरुस्ती लिहिली. नावाची लांबी आधीच तपासायची, लांब असेल तर परत पाठवायची.

मॅडम नांदेडात नव्हत्या. काकांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं, त्यांना घेऊन त्या हैदराबादला गेल्या होत्या. गुरुवारी सकाळी फोन लावला तेव्हा मागं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता.

"तपासलंस नीट?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"मला आज वाचायला होणार नाही, बालाजी. ह्यांना अकरा वाजता आत नेतायत." मग त्याच म्हणाल्या, "पण रविवार चुकायला नको. माझी चावी सांगते, लिहून घे. तू मंजूर कर माझ्या नावानं. अकरा वर्षांत कुणाला दिली नाही मी."

त्यांनी चावी सांगितली, म्हणजे त्यांचा मंजुरीचा पासवर्ड. सोळा अक्षरं. मी ती हातावर लिहून घेतली.

"आणि नोंद..."

"किरकोळ दुरुस्ती. माहीत आहे मॅडम."

मला माहीत होतं. तरी मी पंधरा ओळी लिहिल्या. भोक कुठं, कुठल्या भागात, कसं शिरता येतं, मी ते कसं शोधलं, कसं बुजवलं. वाचणाऱ्याला वाटावं की हा माणूस काय ताकदीचा आहे. मनाशी म्हटलं, रविवार तर तीन दिवसांवर आहे. तीन दिवसांत कोण वाचतंय? पुण्याच्या बाईंनी वाचलं म्हणजे झालं. खाली मॅडमच्या चावीनं मंजुरी दिली. दुसरा डोळा: सुलोचना बोधनकर.

सोमवारी पुण्याहून फोन आला. यादीत नाव होतं.

पुढच्या शुक्रवारी, डोंगराकडच्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रातल्या पाचही संगणकांवर एकाच वेळी काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत खंडणीची धमकी. कुणाची पाळी कधी, कुणाला कुठलं औषध चालत नाही, मागच्या वेळी वजन किती होतं, सगळं बंद. केंद्र आठ दिवस उघडलं नाही. पेशंटना जीपमध्ये घालून नांदेडला आणायचं ठरलं, जाऊन-येऊन सात तासांचा रस्ता. त्यातले एक आजोबा म्हणाले, माझ्यानं बसवत नाही, मी घरीच बरा. सहाव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी कागदावर वयाचं कारण लिहिलं.

समितीची बैठक हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी भरली, तंत्रनिकेतनाच्याच एका वर्गात. अध्यक्ष पत्की सर मधे बसलेले. मॅडम आदल्या दिवशीच हैदराबादहून आल्या होत्या. डोळे सुजलेले, साडी प्रवासातलीच वाटत होती. केंद्रातून शबाना इनामदार आली होती. तिथल्या मशीनचं सगळं तीच एकटी बघायची. मांडीवरच्या कापडी पिशवीचे बंद तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

पत्की सरांनी माझ्या पंधरा ओळी मोठ्यानं वाचल्या.

"ही नोंद नाही, ही चोराला दिलेली दवंडी आहे," ते म्हणाले. "मुंडकरनं लिहिली, कबूल. तो पोरगा आहे. पण मंजूर कुणी केली? दुसरा डोळा कुणाचा आहे?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चावी माझी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही हे वाचलंत आणि तरी मंजूर केलंत?"

"चावी माझी आहे. जबाबदारी माझी."

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. सर, मॅडम दवाखान्यात होत्या, चावी मी वापरली, एवढंच वाक्य. मी ते मनात दोनदा जुळवलं. मग पुण्याची यादी आठवली. मी पुढच्या बाकावर कोरलेलं कुणाचं तरी नाव वाचत बसलो.

"सर, मला एक सांगायचंय," शबाना म्हणाली. "आमच्या मशीननं दुरुस्ती घेतली होती. रविवारीच. मी स्वतः बघितलंय, पाचही मशीनवर आली होती."

"ते शक्य नाही," पत्की सर म्हणाले. "दुरुस्ती आली असती तर चोर शिरलाच नसता. तुमच्याकडं नेट बंद असणार."

"न्हवतं हो बंद सर. मी रविवारी सुट्टी असून गेलते ना, खास त्याच्यासाठी. तुम्ही असं लिवलाव तर ट्रस्टवाले मला ठेवायचे नाहीत."

"नेट चालू ठेवणं हे तुमचं काम होतं बाई."

शबानानं मॅडमकडे पाहिलं. आदल्या रात्री तिनं मशीनमधल्या सगळ्या आतल्या नोंदी मॅडमना पाठवल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"शबानाचं काही चुकलेलं नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या.

"कशावरून?"

"सध्या एवढंच सांगू शकते."

"मॅडम, हे इतिवृत्त वहीत लागणार आहे. पुरावा असेल तर आत्ता बोला."

"वहीत लागणार आहे, म्हणूनच," मॅडम म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

मला वाटलं, त्या माझ्यासाठी गप्प बसल्या. आणि खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. मॅडमची चावी त्याच दुपारी काढून घेण्यात आली. पत्की सर जड आवाजात म्हणाले, अकरा वर्षांच्या सेवेबद्दल समिती ऋणी आहे. इतिवृत्तात लिहिलं गेलं की केंद्रानं दुरुस्ती वेळेत घेतली नाही. आणि कामाला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मंजुरीची चावी मला देण्यात आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, तसलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत एक बदल मंजुरीला आला. बाहेरचा कुणीही बदल सुचवू शकतो, तसा आलेला. पाठवणार: सुलोचना बोधनकर. तीन ओळींचा बदल. वर लिहिलेलं: किरकोळ दुरुस्ती.

तेवढ्यात त्यांचा फोनही वाजला. दोनदा. मी उचलला नाही. काय बोलणार होतो? मला वाटलं, बाईला स्वस्थ बसवत नाही, कुठंतरी शुद्धलेखन सुधारलं असेल. त्यांचं नाव पडद्यावर बघवत नव्हतं. मी न वाचता मंजूर केलं, म्हणजे ते नजरेआड जाईल. दुसरा डोळा: बालाजी मुंडकर. दोन आठवड्यांनी मी पुण्याला गेलो. चावी पत्की सरांना परत दिली, आणि मॅडमच्या नावानं येणारी मेल परस्पर एका वेगळ्या खणात पडेल अशी सोय करून टाकली. शिव्याच असतील, त्या वाचून झोप कशाला घालवायची.

पुण्यात माझं बरं चाललं. आज हाताखाली साठ माणसं आहेत. नव्या पोरांना मी दरवर्षी ती गोष्ट सांगतो, म्हणजे सांगायचो. नांदेडच्या क्लासमध्ये टायपिंग शिकवणाऱ्या एका पोरानं एकट्यानं कसं भोक शोधलं आणि बुजवलं. डायलिसिस केंद्राचं त्यात नसायचं.

गेल्या माघात अशाच एका व्याख्यानासाठी मी पळसची जुनी वही उघडली. माझे ते पंधरा ओळींखालचे बदल पडद्यावर दाखवायचे होते. माझी दुरुस्ती सापडली, पण ती जशी आठवत होती तशी नव्हती. कुणीतरी ती हलवली होती. मी मागं मागं गेलो. मॅडमच्या त्या तीन ओळी होत्या.

वाचायला दोन मिनिटं लागली. मशीनकडे नाव दोन वाटांनी यायचं, एक फायलींच्या वाटेनं, एक प्रिंटरच्या. मी फक्त पहिल्या वाटेवर तपासणी बसवली होती. म्हणजे पुढच्या दाराला कडी घातली आणि परसदार सताड उघडं ठेवलं. मॅडमनी तपासणी आत नेली होती, दोन्ही वाटा जिथं मिळतात तिथं. शबाना खरं बोलत होती. तिच्या मशीननं दुरुस्ती घेतली होती. माझी दुरुस्तीच अर्धी होती, आणि माझ्या पंधरा ओळी वाचून चोरानं उरलेली अर्धी शोधून काढली होती.

त्या रविवारी मी नांदेडला गेलो. आधी कळवलं नाही.

मॅडम आता त्र्याहत्तर वर्षांच्या. काका चार वर्षांपूर्वी गेले, भिंतीवर फोटो होता. टेबल तेच. त्यांनी मला ओळखलं, बस म्हणाल्या, पाणी दिलं.

"तीन ओळी बघितल्या मी," मी म्हटलं. "परवा."

"परवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी बोलला असता तर सगळं माझ्यावर आलं असतं. नोकरी गेली असती. तुम्ही मला वाचवलंत, आणि मी..."

"थांब." त्यांनी हात वर केला. आवाज शांत होता, पण त्यात माया नव्हती. "तुला वाचवायला नव्हते गप्प बसले मी. तीन हजार मशीनची परसदारं उघडी होती आणि बैठकीचं इतिवृत्त वहीत लागणार होतं. मी तिथं बोलले असते तर आणखी दहा दवाखाने गेले असते. एवढं साधं आहे ते. तुझा त्यात विचारच नव्हता."

बारा वर्षं मी ते उपकार म्हणून बाळगलं होतं. तेही माझं नव्हतं.

"चाळिसाव्या दिवशी मेल केली होती तुला," त्या म्हणाल्या. "नंतर आणखी तीन. वाचल्या नाहीस?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

"पत्कींना सांगितलं मी. ते म्हणाले, मंजूर ज्यानं केली त्यानंच खरी नोंद लिहायची, नियम आहे. नियम माझाच, काय बोलणार? शबानाच्या ट्रस्टला पत्र लिहिलं. ते म्हणाले, तुमची स्वतःचीच चावी काढून घेतलीय, तुमच्या शब्दाला काय किंमत? वहीत असेल तर दाखवा. वहीत तर किरकोळ दुरुस्ती." त्या उठल्या. "चहा टाकते."

त्या आत गेल्यावर मी फोनवर तो खण उघडला. चार मेल होत्या. पहिलीत दोनच ओळी होत्या. 'बालाजी, आज चाळीस दिवस झाले. खरी नोंद लिहून टाक, आणि शबानाच्या मशीननं दुरुस्ती वेळेत घेतली होती हेही त्यात लिही, तिला कामावरून काढलंय.' शिवी एकही नव्हती. शिवी असती तर बरं झालं असतं.

"मी आज लिहितो," चहा घेऊन त्या आल्या तेव्हा मी म्हटलं. "सगळं लिहितो. चावी कुणी वापरली तेही."

"कुठं लिहिणार? पळस बंद पडून तीन वर्षं झाली. वही आता नुसती वाचायला ठेवलीय. त्यात कुणाला काही लिहिता येत नाही."

मी कप हातात धरून बसलो. चहा पिववत नव्हता.

"शबाना कुठं असते?"

"तिथंच, त्याच गावात. कापडाच्या दुकानात बसते. ते आजोबा तिच्याच गल्लीतले होते. तिनं नेट बंद ठेवलं म्हणून म्हातारा गेला, असं अजून म्हणतात लोक." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "वहीत नाही लिहिता आलं तरी तोंडानं सांगता येतं. चार माणसांसमोर जाऊन सांग. चारची बस आहे, साडेतीन तासांत पोचशील. दुकान आठपर्यंत उघडं असतं."

साडेतीन वाजले होते. मी हो म्हटलं. वाकून नमस्कार केला, त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. दारापर्यंत आल्या आणि कोपऱ्यावरची रिक्षा त्यांनीच हाक मारून थांबवली.

मी आत बसलो. रिक्षा वळली तेव्हाही मॅडम फाटकात उभ्या होत्या.

"कुठं सोडू साहेब," रिक्षावाल्यानं विचारलं, "बसस्टँड का स्टेशन?"

पुण्याची गाडी पाचची होती आणि सोमवारी सकाळी माझी मीटिंग होती.

मी स्टेशन म्हटलं.